मुंबई, ठाणे, कल्याण, मोरार

११ नोव्हेंबर, मंगळवार

आबा हरवले नव्हते! हे आधी लिहून ठेवते, कारण उद्यापर्यंत नात्यागोत्यात सगळीकडे ते हरवल्याचं पसरलेलं असेल.

झालं ते एवढंच. मी नया बाजारात, माझ्या दुकानात होते. आबा घराबाहेर पडले, जयेंद्रगंजच्या कोपऱ्यावर ई-रिक्शात बसले आणि म्हणाले, "ग्वाल्हेर चलो." रिक्शावाला भिंडकडचा, शहरात नवा. म्हणाला, "दद्दा, ग्वालियर में ही तो बैठे हो." आबा म्हणाले, "यह लश्कर है. मुझे ग्वाल्हेर जाना है." झालं! आबांनी त्याला तिथल्या तिथे भूगोल शिकवायला घेतला. जन्मभर शाळेत हेच केलं, रिक्शात काय सोडणार? त्याला वाटलं म्हातारा बहकलाय. बिचाऱ्याने भलेपणाने आबांचा मोबाइल मागून घेतला आणि पहिला दिसला तो नंबर लावला. पहिला नंबर समरचा, माझ्या धाकट्या भावाचा. समर तिकडे मुंबईत!

आबांना किल्ला गेटला मधुसूदनकाकांकडे, त्यांच्या जुन्या दोस्ताकडे जायचं होतं. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आता किल्ल्याखालच्या जुन्या गावाला आम्ही ग्वाल्हेरच म्हणतो. आपण राहतो ते लश्कर. आणि पूर्वेला ते मोरार. तिन्ही मिळून बाहेरच्या लोकांचं ग्वाल्हेर होतं, त्याला आम्ही काय करणार? मी स्वतः परवा एका गिऱ्हाइकाला म्हटलं, "थांबा हो, आधी ग्वाल्हेरच्या बायकांच्या नऊवाऱ्या शिवून द्यायच्यात." मग मलाही धरून न्या!

काकांची भेट राहिली ती राहिलीच.

१२ नोव्हेंबर

समरचा फोन. "ताई, तू समझ नहीं रही. हे असंच सुरू होतं. माझ्या ऑफिसात एकाच्या फादरना सेम झालं होतं. मी आबांना इकडे मुंबईला घेऊन येतो."

फोन स्पीकरवर होता. आबा पोहे खात होते. चमचा खाली ठेवला.

"मुंबई? विरार म्हण."

"आबा, सगळं एकच आहे आता—"

"एकच कसं? मुंबई प्रदेशात लोकसंख्येने पहिली मुंबई. दुसरं ठाणे. तिसरं कल्याण-डोंबिवली. चौथं वसई-विरार, ते तुझं. मग नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर. चौथ्या नंबरात राहायचं आणि नाव पहिल्याचं सांगायचं?"

एका दमात! लहानपणी मला हा श्लोकच वाटायचा. वर्गात सगळ्या मुलांकडून घोकून घ्यायचे—दिल्लीच्या आसपासची शहरं, कलकत्त्याची, मुंबईची. गणना झाली की श्लोक बदलायचा. रिटायर झाल्यावरही बदलत राहिले. समरने विरारला फ्लॅट घेतला त्याच्यापुढच्या गणनेत वसई-विरार चौथं निघालं, तेव्हा आबांनी पोराचा पहिला नंबर आल्यासारखे पेढे वाटले होते. त्याच्या तोंडावर मात्र कधी बोलले नाहीत.

आणि हा माणूस म्हणे विसरायला लागलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

शंतनुकडे जाऊन आले. समोर "शंतनुराव, तुम्ही" असं असतं. कागदावर तरी अरे-तुरे करते.

मोरारला त्याचं घर. आई, अनसूयाबाई, अंथरुणाला खिळलेल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आईंच्या जुन्या नऊवाऱ्यांची मऊ पांघरुणं शिवून हवीत म्हणून तो दुकानात आला होता, तिथून ओळख. दसऱ्याला सोनं द्यायला आला तेव्हा म्हणाला, "मोरारला याल का?" मी म्हटलं, "रविवारी बघते." तर म्हणाला, "रविवारपुरतं नाही. कायमचं म्हणतोय." मी शेहेचाळिसाव्या वर्षी शाळकरी मुलीसारखी पानं हातात घेऊन उभी!

तो देशस्थ, आम्ही मराठे. ते या वयात कोण बघतंय? अडचण ती नाही. त्याला आई सोडून इकडे येता येत नाही. मला आबांना सोडून तिकडे जाता येत नाही—न्हाणीत पडल्यापासून त्यांना रात्री घरी माणूस लागतं. आणि आबा मोरारला येणं शक्य नाही. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी ही माणसं. माझ्या आत्याच्या घरी आबा जायचे तर घरून तांब्या घेऊन! समरकडे जाणार नाहीत कारण लश्कर सोडणार नाहीत. सगळ्यांना शपथेवर सांगून ठेवलंय, इथून चौघांच्या खांद्यावरच निघेन.

येताना मोरारच्या दुकानातून तिळाची गजक घेतली. आबांनी विचारलं, कुठली? म्हटलं, नया बाजारातली. डब्यावर दुकानाचा पत्ता छापलेला, ते माझ्या लक्षात नाही! आबांनी डबा फिरवून पाहिला, चष्मा सारखा केला आणि खाल्ली. म्हणाले, "चांगली आहे. हवा चांगली असेल तिथली."

संध्याकाळी गच्चीवरून शंतनुला फोन केला. सांगितलं, आबा आहेत तोवर हा विषय नको. वारा होता, जरा मोठ्यानेच बोलावं लागलं.

२० नोव्हेंबर

तह झाला. समरच्या ओळखीची ठाण्याची डॉक्टर व्हिडिओवर आबांना तपासणार. आबा म्हणाले, "तिने नापास केलं तर मुकाट्याने विरारला येतो. पास केलं तर विरारचं नाव काढायचं नाही. शब्द?" समर म्हणाला, "शब्द."

पास होणारच ते. मला हायसं वाटलं. आणि लगेच खट्टू वाटलं. बाप शहाणा ठरणार म्हणून खट्टू! लाज वाटते लिहायला. पण वाटलं ते वाटलं.

२७ नोव्हेंबर

खरे यांच्या मुलीचं लग्न. सात नऊवाऱ्या शिवायच्या, त्यातली एक नवऱ्या मुलाच्या पंजाबी मामीची. मामी विचारते, "इसमें ज़िप कहाँ है?" दुसरं काही सुचलं नाही दिवसभर.

६ डिसेंबर, शनिवार

समर काल आला. आज तपासणी झाली. नीट लिहिते.

आबा सकाळपासून तयार. इस्त्रीचा सदरा, केस चोपून बसवलेले. लॅपटॉप टेबलावर, समर त्यांच्या शेजारी, मी लॅपटॉपच्या मागे उभी. डॉक्टर अगदी तरुण. गोड बोलणारी. तिकडचं स्वच्छ मराठी.

"आजोबा, आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"लश्करात."

ती थबकली. "बरं. कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

"आणि... घरचे?"

"आमचे सगळे लश्करातच. आजोबा, पणजोबा. दक्षिणेतून आले ते लश्करातच राहिले."

तिने मान डोलवली, काहीतरी टिपून घेतलं. "तिथे काय काम असतं आजोबा तुम्हाला?"

"आता काय काम? रिटायर आहे. सकाळी एक फेरी मारतो, बाड्याच्या चौकापर्यंत."

तिला वाटलं आबा स्वतःला फौजेत समजतायत! तिकडे लष्कर म्हणजे सैन्यच. तिला काय ठाऊक, इथे छावणी पडली ती उठलीच नाही, तिचंच गाव झालं! समरने ओठ चावला. मला हसू आलं. एक वाक्य बोलायचं होतं—"अहो, लश्कर हे आमच्या वस्तीचं नाव." एकच वाक्य. आणि मी बोलले नाही. हसू कुठे गेलं आणि मोरार कधी डोळ्यापुढे आलं, कळलं नाही. उभी राहिले नुसती.

पुढे तिने वर्ष विचारलं, बरोबर सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करा म्हणाली. आबा म्हणाले, "मी भूगोलाचा. गणिताला दुसरे मास्तर होते." समर मध्येच म्हणाला, "मॅडम, ह्यांना शहरं विचारा. मुंबईच्या आसपासची, पॉप्युलेशनच्या क्रमाने. यह तो नींद में भी बता देंगे." बिचारा आबांना पास करायला निघाला होता!

आबांनी घसा साफ केला.

"मुंबई." थांबले. "ठाणे. कल्याण..." माझ्याकडे पाहिलं. "मोरार."

समर म्हणाला, "आबा?"

"मुंबई, ठाणे, कल्याण, मोरार," आबा म्हणाले. "पुढचं राहू द्या, शिवाजीराव. दमलो."

शिवाजीराव आमचे काका. वारले त्याला कितीतरी वर्षं झाली. समरचा चेहरा पांढरा पडला.

डॉक्टर म्हणाली, सुरुवात दिसतेय. एकटं ठेवू नका, जागा बदलली तरी चालेल पण सोबत मोठं कुटुंब असू द्या, पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष बघते. आबा उठले आणि सदरा बदलायला आत गेले.

७ डिसेंबर

डोळ्याला डोळा नाही. सारखं तेच. मी बोलले असते तर? बोलले का नाही ते मला माहीत आहे, तेच तर वाईट आहे.

पण मोरार? ते कुठून आलं त्यांच्या तोंडात? श्लोक विसरले आबा. आपलं नाव विसरले असते तरी मला इतकं लागलं नसतं.

८ डिसेंबर

आज समरला सांगितलंच. "अरे, त्या लश्करात काही चूक नव्हती. डॉक्टरला कळलं नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

समर म्हणाला, "पता है ताई. मीपण लश्करचाच आहे ना! मी कालच तिला फोन करून सांगितलं. हसली खूप. म्हणाली ते सोडून देऊ. पण ताई, कल्याणनंतर मोरार? आणि मला शिवाजीराव?"

म्हणजे माझ्या गप्प बसण्याने काहीच झालं नव्हतं. तरी मन हलकं होईना.

आबांकडे गेले. पेपर वाचत होते. म्हटलं, "आबा, परत एकदा तपासायला सांगू? त्या दिवशी तुम्ही दमला होता."

"शब्द दिलाय मी."

"अहो, पण तुम्हाला लश्कर सोडायचं नव्हतं ना?"

"हे बघ," पेपर माझ्यापुढे धरून म्हणाले, "नकाशात दतिया झाशीच्या खाली दाखवलंय. गाढव आहेत." आणि लाल पेन मागून घेऊन दतिया वर काढलं.

इतके तल्लख! आणि परवा मोरार! या आजाराचं असंच असतं म्हणतात, कधी लख्ख, कधी अंधार.

१० डिसेंबर

आबांचं सामान बांधलं. दोन पेट्या. एकीत कपडे, एकीत ॲटलास. म्हटलं विरारला ॲटलास कशाला, मोबाइलवर सगळं असतं. म्हणाले, "मोबाइल फक्त आपण कुठे आहोत ते दाखवतो. बाकीचं जग कोण दाखवणार?"

आज सकाळीही समरला शिवाजीराव म्हणाले. मला मात्र राजीच म्हणतात, एकदाही चुकत नाहीत. तेवढंच समाधान.

संध्याकाळी सगळे नळ फिरून दाखवले मला. कुठल्याचा वायसर गेलाय, पाणी वर चढत नसेल तर मोटर कशी बंद करायची. मी म्हटलं, मला येतं सगळं. म्हणाले, "येतं म्हणून सांगतोय. घर बंद राहिलं तर काय करायचं तेही सांगतोय." मी म्हटलं, घर का बंद राहील? मी आहे ना! ते पुढच्या नळाकडे वळले.

१३ डिसेंबर, शनिवार

गेले.

स्टेशनावर पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ. ग्वालियर. लश्करच्या माणसांनी इतकी वर्षं इथून गाड्या पकडल्या, पण लश्कर काही लिहिलं नाही कोणी." समर म्हणाला, "चला आबा, सीट इकडे." आबा त्याचा हात धरून चढले. हात धरलेला मला बघवला नाही. आजवर कुणाचा धरला नव्हता.

गाडी पंजाब मेल. खिडकीतून आबा म्हणाले, "उद्या कल्याण लागेल." मी मनात म्हटलं, तिसरं. आबा बोलले नाहीत तिसरं. मला रडू आलं.

पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच. गाडी हलली तेव्हा काढला.

१४ डिसेंबर

पोहोचले. गरिमाचा, समरच्या बायकोचा फोन. "ताई, आबांनी कल्याणला उतरायचाच हट्ट धरला, प्लॅटफॉर्मवर. बस दो मिनट. उतरले, पाय टेकवले, परत चढले." कशासाठी, तिला कळलं नाही. मला कळलं, जन्मभर घोकलेलं गाव एकदा पायाखाली घ्यायचं होतं, पण सांगितलं नाही.

घरात दोन माणसांचा भात केला. सवयीने.

२१ डिसेंबर, रविवार

शंतनु लश्करात आला. पहिल्यांदाच घरात. आबांच्या खुर्चीवर बसला नाही, शेजारच्या स्टुलावर बसला, ते मला बरं वाटलं.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर, लश्कर, माझं गप्प उभं राहणं. म्हटलं, "तुमच्याकडे आले तर मला रोज वाटत राहील की आबांना विरारला ढकललं आणि मोरार मिळवलं. मी आबांना परत आणणार आहे. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका."

तो म्हणाला, "थांबायचं काय त्यात? मी मोरारलाच आहे. कुठे जाणार?" चहा प्यायला, कप स्वतः विसळला आणि गेला.

दाराशी मी रडले. सरळ रडले. शेजारच्या पाटणकर बाई जिन्यात होत्या, बघितलं त्यांनी. बघू दे.

२८ डिसेंबर

गरिमाला विचारलं, आबा कसे आहेत. म्हणाली, "एकदम फर्स्ट क्लास! सोसायटीतल्या लोकांना रोज संध्याकाळी खाली बसून भूगोल शिकवतात. आणि ताई, आल्यापासून ह्यांना एकदाही शिवाजीराव म्हणाले नाहीत. समुद्राची हवा मानवली."

हवा कसली मानवते! मनातून खचले असतील. लोकांसमोर तोंड हसरं ठेवतात, आधीपासूनची सवय. तिला सांगितलं, सतरा जानेवारीचं तिकीट काढलंय, मी येऊन आबांना घेऊन जाते. ती म्हणाली, "आबांना सांगू?" म्हटलं, सांग.

४ जानेवारी

किल्ला गेटला मधुसूदनकाकांकडे जाऊन आले. आबांची राहिलेली भेट. डोळा बरा आहे. काका म्हणाले, "महिपत परवा फोनवर भेटला. खुशीत होता. मला म्हणाला, मधू, आयुष्यात पहिल्यांदा नापास झालो, आणि काय सांगू, मजा आली." मी म्हटलं, काका, ते असं काहीतरी बोलतात हल्ली. काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, चहा घे.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी आबांचा फोन. स्वतः लावलेला. तिळगूळ वगैरे काही नाही, एकदम सुरू—"मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर." एका दमात!

मी म्हटलं, "आबा! म्हणजे त्या दिवशी—"

"मोरार त्यात येत नाही, राजी. एवढा भूगोल मला येतो. तिकीट रद्द कर. मोरारला तू जा."